हरणाने खुडलेले रोप आणि कर्करोगाची इम्युनोथेरपी: संशोधनाची बातमी मुळापर्यंत कशी वाचावी

हरणाने शेंडा खुडला की रोपाला ते कळते आणि रोप तुरट रसायने तयार करू लागते, अशी बातमी आपण एके दिवशी वाचतो. दुसऱ्या दिवशी, नव्या औषधाने शरीराची प्रतिकारशक्ती जागी होऊन कर्करोगाच्या गाठी आक्रसल्या, असा मथळा दिसतो; अशा उपचाराला इम्युनोथेरपी म्हणतात. हे दोन विषय वरवर पाहता एकमेकांपासून फार दूरचे आहेत, परंतु त्यांचे संशोधन वाचण्याची रीत एकच आहे. दोन्हीकडे एखादा सजीव स्वतःचे रक्षण कसे करतो हाच प्रश्न असतो आणि दोन्हीकडे वाचकाची फसगत प्रामुख्याने दोनच ठिकाणी होते: तुलना कशाशी केली हे तो पाहत नाही आणि प्रत्यक्षात काय मोजले हेही पाहत नाही. ज्यांना विज्ञानाची पदवी नसली तरी मूळ शोधनिबंध उघडून पाहण्याची इच्छा आहे, आणि विशेषतः ज्यांच्या घरात कर्करोगाचा रुग्ण असल्यामुळे अशा बातम्या जिवाच्या आकांताने वाचल्या जातात, त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन लिहिले आहे.

वाचनाची सुरुवात

बातमीत नियतकालिकाचे नाव, संशोधन संस्था आणि वर्ष यांपैकी काहीतरी दिलेले असते. त्यावरून मूळ निबंध शोधावा. पूर्ण निबंध विनामूल्य नसला तरी त्याचा सारांश बहुधा सर्वांना वाचता येतो. निबंध हाती आल्यावर तो छापलेल्या क्रमाने वाचू नये. प्रथम कार्यपद्धतीचा भाग वाचावा, नंतर आलेख आणि तक्ते पाहावेत, त्यानंतर निष्कर्ष, आणि लेखकांनी स्वतः लावलेला अर्थ सर्वांत शेवटी. लेखकांचा अर्थ आधी वाचला की आकडे आपोआप त्या अर्थाच्या बाजूने दिसू लागतात, हा माझा अनुभव आहे आणि तो टाळण्याचा याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही.

वाचताना वहीत एकच वाक्य पूर्ण करण्याचा प्रयत्न करावा: कोणावर, काय केले, कशाशी तुलना करून, किती काळ, आणि काय मोजले. या पाचांपैकी एकही जागा रिकामी राहिली, तर निबंध समजला असे धरू नये.

तुलना कशाशी केली आहे

जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठ आणि तेथील जैवविविधता संशोधन केंद्र यांच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. युरोपातील जंगलांत रो जातीची लहान हरणे बीच आणि मॅपल या वृक्षांच्या कोवळ्या रोपांच्या कळ्या आणि पाने खुडतात. रोप वाऱ्याने किंवा अन्य कारणाने मोडले आणि हरणाने खाल्ले, यांतला फरक रोपाला कळतो का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी हरणाच्या खाण्याची नक्कल केली. काही रोपांच्या कळ्या आणि पाने कापून त्या जखमेवर पिपेटने हरणाची लाळ सोडली, तर काही रोपे लाळेविना केवळ कापली. लाळ लागलेल्या रोपांत सॅलिसिलिक आम्ल या संप्रेरकाचे प्रमाण वाढले, त्यापाठोपाठ विशिष्ट टॅनिन, म्हणजे तुरट रसायने, वाढली आणि उरलेल्या कळ्यांच्या वाढीला चालना देणारी संप्रेरकेही वाढली. केवळ कापलेल्या रोपांत मात्र मुख्यतः जखमेशी संबंधित संप्रेरके तयार झाली.

या प्रयोगाचे सारे बळ केवळ कापलेल्या रोपांच्या गटात आहे. तो गट नसता, तर रसायने वाढली ती कापल्यामुळे की लाळेमुळे, हे सांगताच आले नसते आणि ‘रोप हरणाला ओळखते’ हे वाक्य निराधार ठरले असते. म्हणून वनस्पतींच्या संरक्षणाविषयी कोणताही निबंध वाचताना मुळीच न छेडलेली रोपे, जखम केलेली रोपे आणि जखमेसह प्राण्याचा विशिष्ट संकेत मिळालेली रोपे, असे तिन्ही गट ठेवले आहेत का, हे पाहावे. लाळेचा थेंब हा द्रवाचाही थेंब असतो, त्यामुळे तुलनेच्या गटाला पाण्याचा थेंब दिला होता का, हेही विचारावे. ही शंका क्षुल्लक वाटते, परंतु चांगले प्रयोग अशाच शंकांची उत्तरे आधी देऊन ठेवतात.

हाच प्रश्न औषधाच्या चाचणीला लावावा. टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशींवरील सीटीएलए-४ हा प्रथिनरूपी लगाम सोडवणारे इपिलिमुमॅब हे औषध, पसरलेल्या मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ६७६ रुग्णांवर तपासले गेले आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. या औषधामुळे जगण्याचा मध्यक काळ, म्हणजे निम्मे रुग्ण दगावेपर्यंतचा काळ, १०.१ महिने झाला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. हा आकडा एकटा वाचला तर तो निरर्थक आहे. तुलनेतील गटाला जीपी-१०० नावाची, प्रथिनाच्या लहान तुकड्यांपासून केलेली लस दिली होती आणि त्या गटाचा मध्यक ६.४ महिने होता, हे त्याच्या शेजारी लिहिले की मगच त्याला अर्थ येतो. तुलनेचा गट म्हणजे त्या काळी रुग्णाला खरोखर दिला जाणारा सर्वोत्तम उपचार होता की त्याहून दुबळे काहीतरी, रुग्णांची वाटणी यदृच्छेने केली होती की डॉक्टरांच्या निवडीने, आणि कोणाला काय दिले हे रुग्णांपासून व तपासणाऱ्यांपासून लपवले होते का, हे तिन्ही प्रश्न कार्यपद्धतीच्या भागातच सुटतात. ज्या अभ्यासात तुलनेचा गटच नाही, तो आशेला जागा देऊ शकतो. निर्णयाला आधार देऊ शकत नाही.

प्रत्यक्षात काय मोजले आहे

हा भाग सर्वांत सावकाश वाचावा, कारण मथळे आणि निबंध यांच्यातील अंतर येथेच सर्वांत जास्त असते.

लाइपझिगच्या अभ्यासात मोजली गेली ती रसायने. टॅनिन वाढल्यावर हरणांनी त्या रोपांना पुन्हा कमी तोंड लावले का, आणि ती रोपे अखेर हरणाच्या तोंडाच्या टप्प्यापलीकडे वाढली का, हे निराळे प्रश्न आहेत आणि त्यांच्यासाठी निराळे, वर्षानुवर्षे चालणारे प्रयोग लागतात. टॅनिनमुळे हरणांच्या खाण्यावर परिणाम होतो हे इतर अभ्यासांतून ठाऊक आहे, परंतु तेही सरळसोपे नाही. हरणांच्या लाळेत टॅनिनला बांधून ठेवणारी प्रथिने असतात आणि मेंढ्या व गाईगुरे यांच्या लाळेत ती आढळत नाहीत, असे १९८९ मध्येच दाखवून देण्यात आले होते. म्हणजे रोपाने ढाल उभारली, तर हरणानेही तिला चुकवण्याची तयारी ठेवलेली आहे. ‘टॅनिन वाढले’ हे निरीक्षण आहे आणि ‘रोप वाचले’ हा निष्कर्ष आहे. या दोहोंमधले अंतर निबंधाने ओलांडले आहे की बातमीने, हे वाचकाने शोधावे.

कर्करोगाच्या संशोधनात हेच अंतर माणसाच्या आयुष्याचे असते. एमएजीई-ए३ नावाच्या प्रथिनावर आधारलेल्या एका लसीचे उदाहरण मला या संदर्भात फार महत्त्वाचे वाटते. त्या लसीसोबत प्रतिकारशक्तीला चेतवणारे एक मिश्रण दिले जाई आणि त्यात क्यूएस-२१ हा घटक होता. हा घटक चिलीमधील सोपबार्क नावाच्या झाडाच्या सालीतून मिळतो आणि तो सॅपोनिन या वर्गात, म्हणजे वनस्पती बुरशी आणि किडींपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी ज्या रसायनांचा वापर करतात त्या वर्गात मोडतो. हाच घटक पुढे नागिणीवरील लसीत यशस्वीपणे वापरला गेला. कर्करोगाच्या लसीनेही रुग्णांच्या शरीरात प्रतिकारशक्तीचा प्रतिसाद निर्माण केला. तरीही शस्त्रक्रिया झालेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २,३१२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा रोग परत येण्याचे प्रमाण लसीमुळे कमी झाले नसल्याचे दिसले. रक्तातील प्रतिसाद खरा होता, परंतु त्याचा रुग्णांना उपयोग झाला नाही.

म्हणून चाचणीचा मुख्य निकष कोणता होता, हे शोधून वहीत लिहावे. गाठ किती आक्रसली हा एक निकष असतो, रोग न वाढता किती काळ गेला हा दुसरा आणि रुग्ण एकूण किती काळ जगला हा तिसरा. यांपैकी पहिले दोन लवकर मोजता येतात म्हणून त्यांचा वापर जास्त होतो, आणि ते निरुपयोगी नसले तरी तिसऱ्याची जागा आपोआप घेत नाहीत. इम्युनोथेरपीत आणखी एक अडचण येते. प्रतिकारशक्तीच्या पेशी गाठीत शिरल्यामुळे गाठ काही आठवडे मोठी झाल्यासारखी दिसू शकते आणि नंतर लहान होते. त्यामुळे गाठ वाढल्याचे पहिल्या तपासणीत दिसले, तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासून खात्री करण्याची पद्धत २०१७ मध्ये ठरवलेल्या निकषांत घालण्यात आली. निबंधात गाठ मोजण्याची कोणती रीत वापरली आहे हे पाहण्याचे कारण हे आहे.

मुख्य निकष चाचणी सुरू होण्यापूर्वी जाहीर केलेला असतो आणि निबंधात चाचणीचा नोंदणी क्रमांक दिलेला असतो. त्या क्रमांकावरून मूळ नोंद उघडावी आणि तिथला निकष व निबंधातला निकष एकच आहे का, हे ताडून पाहावे. यासाठी दहा मिनिटे पुरतात.

खरी संख्या किती

निबंधात ‘दोनशे रोपे’ लिहिलेले असले तरी ती दोनशे रोपे जर कुंपण घातलेल्या एका तुकड्यात आणि कुंपण नसलेल्या एका तुकड्यात मिळून असतील, तर हरणांच्या परिणामाविषयी प्रत्येक बाजूला खऱ्या अर्थाने एकच निरीक्षण आहे. त्या दोन तुकड्यांत माती, ओल आणि सावली यांचाही फरक असू शकतो आणि रोपांची संख्या कितीही वाढवली तरी तो फरक पुसला जात नाही. ही चूक परिसरशास्त्रात इतकी सर्रास होत असे की १९८४ मध्ये स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी तिच्यावर सविस्तर निबंध लिहिला आणि तेव्हापासून खोट्या पुनरावृत्तीचा हा दोष सर्वत्र ओळखला जाऊ लागला. प्रयोगशाळेतील कर्करोग संशोधनातही तो आढळतो: एकाच पेशीवंशाच्या, म्हणजे एकाच नमुन्यातून वाढवत नेलेल्या, पेशी प्रयोगपात्राच्या तीस खळग्यांत वाढवल्या म्हणून तीस रुग्ण होत नाहीत, आणि एकाच उंदरातील दोन गाठी म्हणजे दोन उंदीर नव्हेत. उपचार स्वतंत्रपणे कशाला दिला, तुकड्याला, रोपाला, उंदराला की माणसाला, हे पाहावे आणि तीच संख्या खरी मानावी.

जे उरले त्यांचेच मोजमाप

हरणांचा वावर असलेल्या जंगलात दहा वर्षांनी जाऊन उभी रोपे तपासली आणि त्यांत टॅनिन जास्त आढळले, तर टॅनिनमुळे ती वाचली असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु जी खाल्ली जाऊन नाहीशी झाली, त्यांच्यात किती टॅनिन होते हे आता कोणालाही मोजता येत नाही. शिवाय जी रोपे टिकली त्यांना रसायने साठवायला वेळही जास्त मिळाला, हे वेगळेच.

इम्युनोथेरपीच्या निबंधांत हा दोष अधिक सूक्ष्म रूपात येतो. या औषधांमुळे चेतलेली प्रतिकारशक्ती कधी कधी शरीराच्या निरोगी भागांवरही उलटते. त्वचेवर पुरळ येते, थायरॉइड बिघडते, आतड्याला किंवा फुप्फुसाला सूज येते, आणि क्वचित हृदयाच्या स्नायूलाही इजा होते. ज्या रुग्णांना असा त्रास झाला ते जास्त काळ जगले, असे काही निबंधांत दिसते आणि त्यावरून त्रास होणे हे औषध लागू पडल्याचे लक्षण मानले जाते. यात तथ्य असू शकते, परंतु त्रास होण्यासाठी रुग्णाला मुळात तेवढे दिवस जगावे लागते. जो रुग्ण उपचाराच्या दुसऱ्या आठवड्यातच दगावला तो आपोआप ‘त्रास न झालेल्या’ गटात मोजला जातो आणि त्या गटाचा आकडा खाली ओढतो. काळजीपूर्वक लिहिलेल्या निबंधात म्हणूनच एक ठरावीक दिवस, समजा तिसरा महिना, निवडून त्या दिवशी हयात असलेल्यांचीच पुढची तुलना केलेली असते. अशी खबरदारी घेतल्याचा उल्लेख नसेल तर तो निष्कर्ष कच्चा समजावा.

मध्यक आणि आलेखाचे शेपूट

जगण्याचा आलेख वाचायला शिकणे कठीण नाही. आडव्या अक्षावर काळ असतो, उभ्या अक्षावर हयात रुग्णांचे प्रमाण असते, आणि आलेखाखाली बारीक अक्षरांत त्या त्या वेळी किती रुग्ण मोजणीत उरले होते याचे आकडे दिलेले असतात. ते बारीक आकडे अवश्य वाचावेत, कारण उजव्या टोकाला पाचसहाच रुग्ण उरलेले असतील तर तिथली सपाट रेषा विश्वासार्ह नसते.

इम्युनोथेरपीत बहुतेक सारे महत्त्व या उजव्या टोकाला असते. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण दगावले तो क्षण. त्यापुढे उरलेल्यांचे काय झाले याबद्दल तो काहीच बोलत नाही. पसरलेल्या मेलॅनोमाच्या ९४५ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही दोन्ही औषधे मिळालेल्यांपैकी ४३ टक्के, केवळ निवोलुमॅब मिळालेल्यांपैकी ३७ टक्के आणि केवळ इपिलिमुमॅब मिळालेल्यांपैकी १९ टक्के रुग्ण दहा वर्षांनी हयात होते. या रोगाचा पूर्वीचा इतिहास ठाऊक असलेल्या कोणालाही हे आकडे वाचून भरून येईल. त्याच वेळी हेही लिहून ठेवावे की निम्म्याहून अधिक रुग्णांना तेवढे आयुष्य मिळाले नाही, आणि मेलॅनोमातील यश दुसऱ्या अवयवाच्या कर्करोगात तसेच मिळेल असे यावरून म्हणता येत नाही.

एका जातीवरून दुसऱ्या जातीवर उडी

यू नावाच्या सूचिपर्णी वृक्षाच्या पानांतील टॅक्सिन अल्कलॉइडे घोडे आणि गाईगुरे यांना प्राणघातक ठरू शकतात, तरीही हरणे याच वृक्षाची पालवी आवडीने खातात. ‘विषारी’ या शब्दाला कोणासाठी आणि किती मात्रेत, हे जोडल्याशिवाय अर्थ नाही. याच कुळातील पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीचे नमुने १९६२ मध्ये अमेरिकेत गोळा करण्यात आले, १९७१ मध्ये त्यातील पॅक्लिटॅक्सेल या रसायनाची रचना प्रसिद्ध झाली आणि अंडाशयाच्या कर्करोगावरील औषध म्हणून त्याला तेथे १९९२ मध्ये मान्यता मिळाली. सालीपासून औषधापर्यंत तीस वर्षे लागली. त्यामुळे वनस्पतीतील एखाद्या रसायनाने पेशी मारल्या असे वाचून ती वनस्पती रुग्णाला उकळून देणे हा या संशोधनाचा अर्थ कधीही नसतो, आणि चालू उपचारांत त्याने गंभीर बाधा येऊ शकते.

उंदरांवरील निष्कर्षही असेच जपून वाचावेत. चवळीच्या वर्गातील पिकांना लागणाऱ्या एका विषाणूचे, आनुवंशिक द्रव्य नसलेले पोकळ कण उंदरांच्या गाठीत टोचले असता त्यांची प्रतिकारशक्ती त्या गाठीवर तुटून पडते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. हे संशोधन मला अत्यंत आश्वासक वाटते, परंतु ते प्राण्यांवरचे आहे हे विसरू नये. याउलट २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन-१४१२ हे टी-पेशींना चेतवणारे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना, प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या सुमारे पाचशेव्या भागाइतकेच दिले होते आणि तरीही ते सहाही जण काही तासांत गंभीर आजारी पडले.

शब्दांच्या साम्यावरही उडी मारू नये. वनस्पतींना प्रतिकारयंत्रणा आहे, त्यांच्या पेशी जिवाणूंची ठरावीक प्रथिने ओळखतात, परंतु त्यांच्या देहात फिरणाऱ्या टी-पेशी नाहीत. रोपाने लाळ ओळखणे आणि टी-पेशीने कर्करोगाची पेशी ओळखणे यांत विचाराचे साम्य आहे, यंत्रणेचे नाही.

एकाच निबंधावर थांबू नये

अ‍ॅरिझोनामधील स्कार्लेट गिलिया या रानफुलाच्या झाडाला हरणांनी खुडले तर ते न खुडलेल्या झाडांपेक्षा अधिक फळे धरते, असे १९८७ मधील एका प्रसिद्ध निबंधात म्हटले होते. १९९२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी अनेक ठिकाणच्या झाडांवर तोच प्रयोग केला, तेव्हा त्यांना असा लाभ आढळला नाही, आणि झाड कुठे व कोणत्या परिस्थितीत वाढते यावर बरीच चर्चा झाली. कर्करोगातही असेच घडले. स्तनाच्या एका आक्रमक प्रकारच्या कर्करोगावर अटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल हे पॅक्लिटॅक्सेलचे प्रथिनात बांधलेले रूप यांच्या जोडीला अमेरिकेत २०१९ मध्ये वेगवान, म्हणजे सुरुवातीच्या पुराव्यावर दिली जाणारी, मान्यता मिळाली. साध्या पॅक्लिटॅक्सेलसह घेतलेल्या पुढच्या चाचणीत अपेक्षित लाभ दिसला नाही आणि कंपनीने २०२१ मध्ये तो वापर मागे घेतला. म्हणून निबंध वाचून झाल्यावर त्याचा उल्लेख करणारे पुढचे निबंध पबमेडसारख्या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत शोधावेत, आणि तो मागे घेतला गेलेला नाही ना, याची खात्री करावी.

घरात रुग्ण असेल तर हे सारे वाचून झाल्यावर एक कागद तयार करावा. बातमीतील औषध नेमक्या कोणत्या कर्करोगावर आणि रोगाच्या कोणत्या टप्प्यावर तपासले, त्यासाठी गाठीत पीडी-एल१ या प्रथिनासारखी एखादी खूण असणे आवश्यक होते का, आपल्या रुग्णाची ती तपासणी झाली आहे का, तुलनेतला उपचार आपल्याला सध्या मिळत असलेला उपचारच होता का, आणि रुग्णाला आधीपासून संधिवात किंवा थायरॉइडसारखा स्वयंप्रतिकार विकार असेल तर जोखीम किती वाढते, हे प्रश्न त्यावर लिहावेत. रुग्ण घेत असलेली सर्व औषधे, काढे आणि पूरक गोळ्याही त्याच कागदावर नोंदवाव्यात, आणि तो कागद निबंधाच्या प्रतीसह उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांसमोर ठेवावा.